४८ आकडे आणि ताईचा ओटीपी

लॅपटॉपवर विंडोज ११ घेतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "कसं वाटतंय नवीन?" काय सांगू? मला आठवतो तो निळा पडदा, त्यावरची पांढरी अक्षरं आणि ४८ आकडी रिकव्हरी कीची, म्हणजे अडलेला लॅपटॉप उघडायच्या किल्लीची, मागणी. नवीन स्टार्ट मेन्यू वगैरे त्याच्या नंतर.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. "चाललंय की" म्हणत मी पुढेही काही महिने काढले. मग एका रविवारी कंबर कसली. लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल का ते सांगणारं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप चालवलं. आठव्या पिढीचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी), सगळीकडे हिरव्या खुणा. इथे थांबून थेट अपग्रेडचं बटण दाबलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला नीटनेटकेपणाची हौस. लॅपटॉप कंपनीचं अपडेटचं ॲप बरेच दिवस बायोसची (विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती घ्या म्हणून मागे लागलं होतं. म्हटलं, आधी तेही उरकून घेऊ.

बायोस अपडेट सुरळीत झालं. लॅपटॉप आपणहून बंद झाला, सुरू झाला, आणि समोर तो निळा पडदा. बिटलॉकर रिकव्हरी. माझा पासवर्ड कुणी विचारतच नव्हतं.

बिटलॉकर हा शब्द मी आयुष्यात वापरला नव्हता. माझ्या ड्राइव्हवर असं काही आहे हेच मला माहीत नव्हतं. नंतर कळलं की बऱ्याच लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचंच साधं रूप, आपोआप चालू होतं. ड्राइव्ह कुलूपबंद असतो आणि टीपीएमची चिप रोज गुपचूप ते कुलूप उघडते, पण मशीन सुरू होण्याची पद्धत ओळखीची असेल तरच. बायोस बदललं की चिपला संशय येतो. घरमालकिणीने चष्मा बदलला म्हणून तिला दारातच अडवणारा राखणदार म्हणा ना. त्याचं काही चुकत नाही, पण आपण बाहेर!

लॅपटॉप कंपनीच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक शांत आवाज म्हणाला, "रिसेट करून टाका, मॅडम."

"आणि माझ्या फाइली?"

"त्या जातील."

शेवटचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा होता. (बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण बॅकअप आधी घ्या. अपग्रेडमध्ये फाइली जागच्या जागी राहतात हे खरं, पण तिथवर पोहोचायला तर हवं.) मी फोन ठेवला. थोडा आपटलाच.

रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल, असं पडद्यावर लिहिलं होतं. मोबाइलवरून माझं खातं उघडलं. तिथे एकही की नाही. अर्धा तास स्वतःलाच दोष देऊन झाला, मग डोक्यात उजेड पडला. हा लॅपटॉप नवा आला तेव्हा तो सुरू करून दिला होता भाच्याने, स्वतःच्या खात्याने साइन इन करून. मला वेगळं लोकल, म्हणजे फक्त त्या लॅपटॉपपुरतं, खातं त्याने नंतर काढून दिलं. म्हणजे कुलूप माझ्या घराला आणि किल्ली भाच्याच्या खिशात.

भाचा हॉस्टेलवर. "मावशी, ते जुनं खातं गं. पासवर्ड आठवत नाही. कोड मागवतो," म्हणाला. कोड जाणार होता त्याच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर आता ताईच्या फोनमध्ये. खात्याची सगळी सुरक्षा माहिती बदलून घेता येते, पण त्याला ३० दिवस थांबावं लागतं. म्हणून ताईला फोन लावला.

"ताई, तुझ्या फोनवर एक मेसेज आलाय बघ. त्यातले आकडे सांग."

"नाही सांगणार."

"अगं, मी बोलतेय!"

"तूच बोलतेयस कशावरून? आवाजाची नक्कल करतात आता. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही."

यावर काय बोलणार? गेली दोन वर्षं हे वाक्य तिच्या कानीकपाळी ओरडणारी मीच. तिने मला लहानपणीची दोन गुपितं विचारली, दोन्हींची उत्तरं बरोबर आली, तरी ती म्हणाली, "व्हिडिओ कॉल कर." केला. तोवर कोडची मुदत संपली होती. भाच्याने दुसरा मागवला, ताईने तो मला न सांगता थेट मुलालाच सांगितला, आणि खातं उघडलं.

आत दोन की होत्या, एक भाच्याच्या स्वतःच्या लॅपटॉपची. माझी कोणती हे ओळखायला पडद्यावर की आयडी असतो; त्याची पहिली आठ अक्षरं जुळवायची. मग सहा-सहा आकड्यांचे आठ गट फोनवरून, तो सांगतोय, मी टाइप करतेय. पाचवा गट घेईना. यातली गंमत मला आवडली: प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला की शेवटपर्यंत थांबावं लागत नाही, त्याच गटावर अडतं. मी "सहासष्ट"चं "सदुसष्ट" ऐकलं होतं. तेव्हा फोनवर एकेक आकडा सुटा सांगा.

शेवटचा गट टाकून एंटर दाबलं. माझा नेहमीचा वॉलपेपर दिसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

हे टाळायला काय करायला हवं होतं, तर बायोसला हात लावण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आहे का ते बघणं आणि असेल तर की कागदावर लिहून ठेवणं. की त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका, एवढं तरी सांगायला नको. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर बिटलॉकरचं संरक्षण तेवढ्यापुरतं स्थगित करता येतं. माझ्या होम आवृत्तीत एन्क्रिप्शनच बंद करून मग पुन्हा चालू करता आलं असतं.

अपग्रेड दुसऱ्या दिवशी झालं. त्यात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही.

आता नव्याबद्दल विचारताय म्हणून. स्टार्ट बटण मधोमध आलंय आणि माझा हात अजून डाव्या कोपऱ्यात जातो. टास्कबारच्या सेटिंग्जमधून ते मी डावीकडे नेलं. राइट क्लिकचा मेन्यू आखूड झालाय, पण शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना लांबलचक मेन्यू मिळतो. फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आलेत, ते मात्र फार छान. नाहीच पटलं तर सेटिंग्जमधून जुन्यावर परत जाता येतं, पण साधारण १० दिवसांच्या आत. तोवर विंडोज डॉट ओल्ड हे जुनी विंडोज जपून ठेवणारं फोल्डर जागा खातंय म्हणून उडवू नका. मी परत गेले नाही. पुन्हा कुठली की मागितली तर?

की आता डायरीच्या शेवटच्या पानावर आहे. परवा ताईचा फोन आला होता. तो पहिला कोड तिने अजून जपून ठेवलाय, लागणार आहे का विचारत होती.