एका छताखाली दहा चुली

पेनांगला निघालेल्या माणसाने "तिथलं चांगलं रेस्टॉरंट कोणतं?" हा प्रश्न विचारूच नये. विचारायचंच असेल तर सकाळी कुठे खायचं, दुपारी कुठे आणि रात्री कुठे, असं विचारावं. मलेशियाच्या या बेटावर खाणं घड्याळाला बांधलेलं आहे. सकाळी जिथे वाफाळत्या सूपमधल्या नूडल्स मिळतात, तिथे दुपारी बाराला भांडी घासून, फडकं मारून सगळं आवरलेलं असतं. संध्याकाळी त्याच जागी दुसराच कोणीतरी कालवं घातलेलं आमलेट करत उभा असतो.

आम्ही दोघी गेलो होतो, मी आणि माझी आत्या. आत्या मालवणची, बँकेतून निवृत्त झालेली. मासे म्हणजे जीव की प्राण, पण डुक्कर आणि गोमांस वर्ज्य. मला सगळं चालतं. या दोन जिभा एका टेबलावर बसवायच्या तर कोपीटियमसारखी जागा नाही.

कोपीटियम म्हणजे चिनी धाटणीचं कॉफीचं दुकान. जॉर्ज टाउन या पेनांगच्या मुख्य शहराच्या जुन्या भागात ते कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतं. 1786 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने हे बंदर वसवलं. मग दक्षिण चीनमधून आणि तमिळ मुलखातून माणसं आली, आणि त्यांची वस्ती, देवळं, मशिदी, दुकानं आजही एकमेकांना खेटून उभी आहेत. 2008 पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कोपीटियममध्ये पाय ठेवला की मुंबईकराला थेट इराण्याचं हॉटेल आठवतं. तशीच संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या तशाच खुर्च्या आणि गल्ल्यावर तसाच निर्विकार चेहरा.

व्यवहार मात्र इराण्यापेक्षा निराळा. दुकानाचा मालक फक्त पेयं विकतो. खाणं त्याचं नसतंच. दर्शनी भागात आणि भिंतीलगत ज्या गाड्या लागलेल्या असतात त्या वेगवेगळ्या लोकांच्या, मालकाला भाडं देऊन उभ्या केलेल्या. तुम्ही आधी टेबल धरायचं, मग उठून हव्या त्या गाडीवर जाऊन पदार्थ आणि टेबल नंबर सांगायचा. ताटली आली की तिथल्या तिथे पैसे द्यायचे. तेवढ्यात पेयवाला येऊन उभा राहतो. त्याला "नंतर" म्हणायचं नाही, कारण त्याचं पोट त्या एका ग्लासावर आहे. पेय न घेतल्यास माणशी जादा आकार, अशी पाटीही काही दुकानांत लावलेली असते. मला हे रास्तच वाटतं. पंखा त्याचा, टेबल त्याचं, फडकं मारणारा पोऱ्याही त्याचा.

या व्यवस्थेमुळे प्रत्येक गाडीवर एकच पदार्थ असतो. शेजारी लाक्सावाला, म्हणजे रश्शातल्या नूडल्स विकणारा, असताना परतलेल्या नूडल्सवाल्याने लाक्सा करण्यात काही अर्थ नाही, मालकही करू देणार नाही. त्यामुळे एकेक माणूस तीस-तीस वर्षं एकच गोष्ट करत राहतो. आपल्याकडे पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन आणि वर मालवणी थाळी असं बारा पानी मेनूकार्ड मिरवणाऱ्या हॉटेलांचा मला जो राग आहे, तो पेनांगहून आल्यापासून दुप्पट झाला आहे.

"चार क्वे तियाव", म्हणजे तांदळाच्या परतलेल्या नूडल्स, करणाऱ्या एका काकांसमोर मी बराच वेळ नुसती उभी होते. खाली कोळसा, त्याला वारा घालणारा छोटा पंखा, वर काळीकुट्ट कढई. कढईत डुकराची चरबी, त्यात लसूण, मग कोळंबी. त्यावर तांदळाच्या पातळ, चपट्या नूडल्स पडतात आणि सोया सॉसचा एक फटकारा बसतो. मग सगळं बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडायचं. हवं असेल तर बदकाचं, त्याचे थोडे जास्त पैसे. शेवटी मुगाचे मोड, चिनी लसूणपात आणि तिसऱ्यांच्या जातीतल्या, लाल गराच्या शिंपल्या. त्या अगदी शेवटी, जेमतेम गरम होतील इतक्याच. दोन मिनिटांत ताटलीत.

आणि हे सगळं एका वेळी एकाच ताटलीचं. रांग कितीही लांब असो, काका चार प्लेटींचा माल एकदम टाकत नाहीत. टाकला तर कढई थंड पडते, नूडल्स परतल्या जाण्याऐवजी वाफेत शिजतात आणि तो जळका, धुरकट वास येत नाही. तो वास नसेल तर सोया सॉस घातलेला लगदा खाल्ल्यासारखं होतं. माझ्या पुढच्या मुलाने हळूच "अंकल, अजून किती वेळ?" विचारलं. काकांनी मान वर न करता झाऱ्याने रांगेकडे बोट दाखवलं. संपला विषय.

आत्याने चरबीचं ऐकलं आणि ती तिथूनच मागे वळली. चिनी कोपीटियममध्ये "चरबी नको" म्हणता येतं, पण कढई तीच असते, हे ज्याचं त्याने बघावं. डुक्कर नको असेल तर मलय किंवा तमिळ मुसलमानांच्या गाड्या आहेत, पण तिथे गोमांस असतं. उलट बऱ्याच चिनी बौद्ध घरांत गोमांस वर्ज्य असतं. म्हणजे कुणाला काय चालत नाही याची बेरीज-वजाबाकी पेनांगमध्ये रोजचीच आहे. तुम्ही विचारलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही.

आत्याला तिचं माणूस सापडलं ते बेटावरच्या आयर इताम या भागात. डोंगरावरच्या केक लोक सी या मोठ्या बौद्ध मंदिराच्या पायथ्याशी बाजार आहे आणि तिथला असम लाक्सा प्रसिद्ध आहे. सिंगापूरकडचा नारळाच्या दुधातला लाक्सा तो हा नव्हे. यात नारळ नाहीच. आंबट-तिखट, माशाच्या गराने दाट झालेला रस्सा, त्यात तांदळाच्या जाडसर नूडल्स, वर काकडी, अननस, कांदा, पुदिना. आत्याने पहिला चमचा तोंडात घातला, थांबली आणि म्हणाली, "अगो, हो तर आमचो बांगडो!"

आणि तो बांगडाच होता. मलयमध्ये त्याला केम्बुंग म्हणतात. उकडून, काटे काढून, गर कुस्करून रश्शात घालतात. आंबटपणा चिंचेचा, शिवाय असम केपिंग नावाच्या सुकवलेल्या चकत्यांचा. ते फळ गार्सिनिया कुळातलं, म्हणजे आपल्या कोकमाचं सख्खं चुलत भावंड. बांगडा आणि आंबट ही जोडी आत्याला नवीन नव्हती, पण पुढचं सगळं नवीन होतं. आपल्याकडे तिरफळं पडतील तिथे इथे बुंगा कांतान, म्हणजे आल्याच्या कुळातल्या एका झाडाची गुलाबी कळी चिरून घातलेली. शिवाय केसुम नावाचा उग्र वासाचा पाला. वाडग्याच्या कडेला चमच्यात काळी, डांबरासारखी दाट हे को दिलेली असते. ही कोळंबीची गोडसर-खारट चटणी. ती एकदम ढवळायची नाही, थोडी थोडी सोडायची. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी आत्याचा हात धरून तिला हे दाखवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी बराच वेळ बोलत होत्या.

नासी कांदारचं थोडक्यात सांगते. नासी म्हणजे भात, कांदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी खांद्यावर कावड घेऊन, एका टोकाला भात आणि दुसऱ्याला कालवण, असे फिरून विकत. कावड गेली, नाव राहिलं. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया हे नासी कांदारचं हॉटेल 1907 पासून चालू आहे. भातावर तीन-चार वेगवेगळ्या रश्शांचा मारा करतात, आणि "बांजिर" म्हटलं की शब्दशः पूर आणतात. तिथे आत्याला रश्शातली गाबोळी मिळाली. मग पुढे तिला कुठेही न्यायची गरज उरली नाही, रोज तिथेच चल म्हणायला लागली.

शाकाहारी मंडळींसाठी लिटिल इंडियात दक्षिणी हॉटेलं आहेतच, पण चिनी शाकाहारी खाणावळीही बघाव्यात. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला, पुष्कळ चिनी भाविक मांसाहार करत नाहीत. त्या दिवशी या खाणावळींत गर्दी असते आणि पदार्थही जास्त.

डिसेंबर 2022 मध्ये मिशलिन या हॉटेलांना मानांकन देणाऱ्या गाइडची क्वालालंपूर आणि पेनांगसाठीची पहिली यादी आली. तेव्हापासून काही गाड्यांवर लाल स्टिकर दिसतात आणि स्टिकरपुढे फोन उगारलेली रांग. माझं मत विचाराल तर स्टिकर बघू नका, रांगेतली माणसं बघा. घरचे कपडे, पायात सपाता आणि हातात डबा असलेला माणूस दिसला की त्याच्या मागे उभं राहावं. रस्त्यावरच्या प्लेटला साधारण 8 ते 10 रिंगिट पडतात. रिंगिट वीस रुपयांच्या आसपास धरा.

काळजीची गोष्टही आहे. काकांच्या कढईपाशी उभं राहणारं पुढचं कोण, हा तिथे सगळ्यांच्याच तोंडचा प्रश्न. मुलं शिकून क्वालालंपूरला, सिंगापूरला जातात, आणि गाडीवर बाहेरदेशचा मदतनीस येतो. पेनांगच्या सरकारने 2014 मध्ये जाहीर केलं की ठरावीक स्थानिक पदार्थांच्या गाड्यांवर मुख्य स्वयंपाकी परदेशी चालणार नाही, आणि 2016 पासून तो नियम लागू केला. मला हा नियम पटत नाही. या बेटावरचं सगळं खाणं बाहेरून आलेल्या लोकांनीच उभं केलं आहे. हात शिकलेला असला म्हणजे पुरे, पासपोर्ट कुठला का असेना.

निघायच्या आदल्या दिवशी चौरस्ता बाजारात गेलो. हो, बाजाराचं नाव चौरस्ताच आहे. तिथे मुरवलेलं जायफळाचं फळ आणि नाना प्रकारची लोणची बरण्यांतून मांडलेली असतात. मी जायफळ चाखत होते तोवर आत्याने असम केपिंगची पाकिटं निवडून, हुंगून, त्यातली अर्धी परत ठेवून भाव पाडायला घेतला होता. दुकानदारीण इंग्रजीत आकडे सांगत होती, आत्या मालवणीत कमी करत होती. शेवटी दोन पाकिटांवर एक लोणच्याची पिशवी फुकट मिळाली. आता मालवणात बांगड्याच्या कढीत असम केपिंग घालून बघणार आहे म्हणते. माझे काका आधीच सांगून बसलेत, त्या दिवशी ते जेवायला शेजारी जाणार.