पद्मिनीचा डावा आरसा : एकही भोक न पाडता, तिसऱ्या खेपेला

कुर्ल्याच्या कारखान्यातून आमची १९८६ची प्रीमियर पद्मिनी गाडी बाहेर पडली तेव्हा तिला एकच आरसा होता, उजव्या दाराला. तेव्हा तेवढा पुरायचा. आता पुण्यात डावीकडून स्कूटरवाले असे घुसतात, की बायको शेजारी बसून 'थांब, आला एक' म्हणत असते. ती नसेल त्या दिवशी देवाचं नाव.

डाव्या दाराचा पत्रा अजून कोरा आहे. भोक पाडलं की कडेचा रंग उडतो, पावसाचं पाणी दारात उतरतं आणि पत्रा आतून कुजतो. वर फुगवटा दिसेपर्यंत खेळ संपलेला असतो. उजव्या दारावर हे भोगून झालंय. म्हणून ड्रिलला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवलं.

पहिली खेप डबल टेपची. अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी दुपारच्या उन्हात आरसा रस्त्यावर आणि मागच्या रिक्षावाल्याने तो आणून दिला, वर 'साहेब, स्क्रू लावा' असा सल्लाही.

दुसऱ्या खेपेला दाराच्या पुढच्या कडेला क्लॅम्प. लोखंडी पट्टी वाकवून कडेवर अडकवली, आतून दोन ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे. दिसायला झकास. दार उघडलं आणि खर्रर्र! दार बिजागरीवर फिरतं, त्यामुळे बिजागरीच्या पुढची कड उघडताना आत जाते आणि क्लॅम्प थेट मडगार्डला भिडतो. हे आधी कागदावर काढलं असतं तर कळलं असतं. मडगार्डवर मास्किंग टेप होती म्हणून वाचलो.

मग खिडकीच्या चौकटीकडे वळलो. दाराच्या पुढच्या कोपऱ्यातल्या तिकोनी काचेपुढची तिरकी कड वर जाताना मागे झुकते, म्हणजे बिजागरीच्या मागे येते. दार उघडताना ती बाहेर जाते, कशालाही अडत नाही. फक्त दार आणि पुढच्या काचेशेजारच्या खांबामधली फट किती, हे कळायला हवं. मुलाची खेळण्यातली माती कडेला चिकटवली, दार हळूच मिटलं, उघडलं. माती दबून उरली ती जाडी साधारण ५ मिमी. २ मिमीची पट्टी आणि खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, आरामात बसलं. ग्रब स्क्रूचं टोक रंगात रुतू नये म्हणून मध्ये पितळेची पातळ चकती.

जागा ठरवताना बायकोने बाहेरून हातातला आरसा वर-खाली धरला आणि मी स्टिअरिंगवर बसून ओरडत होतो. फार पुढे नेला तर तिकोनी काचेची उभी पट्टी नेमकी आड येते, मागे आणला तर मान वळवावी लागते. दोन बोटांची जागा उरते, तीच खरी.

आरसा रविवारी जुन्या बाजारातून आणलेला, गोल, क्रोमचा. काच सपाट होती. उजव्या सीटवरून डावा आरसा लांब पडतो, त्यामुळे सपाट काचेत अर्धी रिक्षाच दिसायची. स्कूटरच्या आरशाची बहिर्गोल काच त्याच मापाची निघाली, ती बसवली. आता अख्खी लेन दिसते. मात्र त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, त्यामुळे पहिले दोन दिवस मी जरा जास्तच धीट झालो होतो.

गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना (आयडलला) काच थरथरायची, मागची गाडी धुरकट दिसायची. दांडी दोन इंच कापून आखूड केली, थरथर निम्म्याहून कमी झाली.

पावसाळ्याआधी क्लॅम्प काढून रबराखाली मेण लावायचंय, तिथे पाणी साचलं तर भोक न पाडताच गंज येईल. साठच्या पुढे दांडी शिट्टी मारते. त्यावर सुतळी गुंडाळून बघतोय, कोणी दुसरं काही केलं असेल तर सांगा.