चकोट केलेलं डोकं

सातवीत मला टायफॉइड झाला. दीड महिन्यानं शाळेत परतलो तो डोक्याचा चकोट करूनच. टोपी घालायचो, पण मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी ती उडवायचं आणि टपल्या सुरू व्हायच्या. घरी काही बोललो नाही.

अशात एका शनिवारी शाळा सुटल्यावर इंग्रजीच्या बाईंनी चित्रकलेच्या वर्गात भाड्याचा व्हीसीआर लावला. सिनेमा होता १९५२ सालचा, नट डॅनी केचा 'हॅन्स ख्रिश्चन अँडरसन'. ही त्या डॅनिश परीकथाकाराची खरी जीवनकथा नव्हे, असं सिनेमा सुरुवातीलाच सांगतो. खरा अँडरसन चौदाव्या वर्षी ओडेन्स सोडून कोपनहेगनला गेला. पडद्यावरचा मात्र चांगला मोठा, जोडे शिवणारा. त्याच्या गोष्टींपायी मुलं शाळा बुडवतात, म्हणून मास्तर संतापतात आणि त्याला गाव सोडावं लागतं. फ्रँक लेसरनं रचलेल्या एका गाण्यात वर्गातली मुलं एका सुरात बेरजा घोकतात, दोन नि दोन चार, चार नि चार आठ. आणि बाहेर हा झेंडूची फुलं मोजत निघालेल्या अळीशी बोलत बसलेला. ते दोन सूर एकमेकांत मिसळतात तेव्हा आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मग कोपनहेगनच्या रस्त्यावर एक मुलगा दिसला. आजारपणामुळे डोकं भादरलेलं, बाकीची पोरं त्याला चिडवणारी. माझे कान तापले. हॅन्स त्याला बदकाच्या कुरूप पिल्लाची गोष्ट गाऊन सांगू लागला. एरवी मध्ये मध्ये अर्थ सांगणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "गदिमांचं 'एका तळ्यात' आठवतंय ना? तीच गोष्ट." मागच्या बाकावरून कुणीतरी ते गुणगुणलं आणि बघता बघता अख्खा वर्ग गाऊ लागला. टपल्या मारणारेसुद्धा. मी मान वर केली नाही, पण रडू आलं ते निराळं होतं.

पुढे त्याच मुलाचे वडील ती गोष्ट आपल्या वर्तमानपत्रात छापतात आणि हॅन्स लेखक होतो. सिनेमानं घेतलेलं स्वातंत्र्य डेन्मार्कमध्ये अनेकांना खटकलं होतं, हे फार नंतर वाचलं. त्यांचं बरोबरच होतं. तरी माझा अँडरसन तोच.

बाईंनी तो सिनेमा मुद्दाम निवडला होता का, हे मी कधी विचारलं नाही. निकालाच्या दिवशी पाया पडलो तेव्हा त्यांनी माझ्या नुकत्या उगवलेल्या केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, "वाढले की रे."