अधीक्षकाची खुर्ची आणि फ्रीजची किल्ली

ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकपदाचा चार्ज घेतला तेव्हा मी मेडिसिनची एमडी होते. तीस खाटा, सर्पदंश, भरलेली ओपीडी, यांची भीती नव्हती. पण टेबलावर आले ते इंडेंट म्हणजे सामानाच्या मागण्या, रजेचे अर्ज, जनरेटरच्या डिझेलचं बिल आणि रुग्ण कल्याण समितीचं रजिस्टर. यातलं काहीच आम्हाला शिकवलं नव्हतं. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिकांमध्ये आरोग्य पथकाचा नेता ही एक आहे, आणि ती यायला फार उशीर झाला असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीचे चार महिने मी वॉर्डातल्यासारखंच वागले. दिसलं की ऑर्डर काढायची, उशीर झाला की मेमो.

मग एका रात्री अडीच वाजता एका बाळंतिणीचा रक्तस्राव (पीपीएच) थांबेना. बाळ झाल्याबरोबर गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ऑक्सिटोसिनचे 10 युनिट दिले होते, ट्रेमध्ये तेवढंच होतं. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, म्हणून बाकीचा साठा औषध भांडारातल्या फ्रीजमध्ये होता. भांडाराची किल्ली फार्मासिस्टकडे, आणि ते क्वार्टरमध्ये झोपलेले. किल्ली यायला बारा मिनिटं लागली. तोवर सिस्टर गर्भाशयाला मसाज करत राहिल्या. पेशंटला 108 ने जिल्ह्याला पाठवलं, ती वाचली.

सकाळी मी सिस्टरना मेमो लिहायला घेतला. त्या घरी न जाता समोर उभ्या होत्या, बाहीवर रक्ताचा डाग वाळलेला. म्हणाल्या, "मॅडम, लेबर रूमला छोटा फ्रीज पाहिजे म्हणून मी दोनदा लिहून दिलंय." इंडेंट बुक उघडलं. दोन्ही पानांवर खाली माझीच सही होती. न वाचता केलेली.

मेमो फाडला. दुपारी सगळ्यांना लेबर रूममध्येच बोलावलं. दोन्ही सिस्टर, फार्मासिस्ट, वॉर्डातले मामा, सफाईच्या मावशी, सगळे उभ्यानेच. अडीचपासून काय काय झालं ते क्रमाने सांगा म्हटलं आणि फळ्यावर वेळा लिहीत गेले. मावशी म्हणाल्या, "क्वार्टरच्या वाटेवरचा दिवा बंद आहे. मामा बॅटरीच शोधत होते." कुठल्याही रजिस्टरात हे सापडलं नसतं.

लेबर रूमसाठीच्या 'लक्ष्य' कार्यक्रमाची चेकलिस्ट माझ्या कपाटातच होती. तिच्यात प्रत्येक मुद्द्यासमोर तो कसा तपासायचा हे दिलेलं असतं: पाहणी करून, कर्मचाऱ्यांशी बोलून, नोंदी बघून की रुग्णांना विचारून. मी आजवर फक्त नोंदी बघून टिक करत आले होते.

फ्रीज समितीच्या निधीतून आला, ते सोपं होतं. अडलं फार्मासिस्टपाशी. "साठा बाहेर ठेवला आणि ऑडिटला एक अँप्यूल कमी भरलं तर जबाबदार मीच ना?" आधी मला तो आडमुठेपणा वाटला. पण ते बरोबर होते, त्यांच्याकडून वसुली झाली असती. दोन दिवस त्यांच्याशेजारी बसून लेबर रूमचं वेगळं साठा रजिस्टर केलं, सिस्टर आणि फार्मासिस्ट दोघांच्या सहीचं. मिसोप्रोस्टॉल, ट्रॅनेक्झामिक ही रक्तस्राव थांबवायची औषधं, कॅन्युला, कॅथेटर एका लाल डब्यात ठेवले, झाकणावर यादी चिकटवली. ड्युटी बदलताना डबा आणि फ्रीज मोजूनच हँडओव्हर. वाटेवरच्या दिव्यासाठी मात्र तीन पत्रं लागली.

ड्युटी लिस्ट अजून मला नीट जमत नाही. दिवाळीच्या आठवड्यात कुणीतरी दुखावतंच. आता ती लावायच्या आधी इनचार्ज सिस्टरना दाखवते.

गेल्या महिन्यात पहाटे चारला फोन वाजला. त्याच सिस्टर होत्या. "मॅडम, पीपीएच होता. पेशंट स्टेबल आहे, बीपी 110 आहे. डब्यातलं ट्रॅनेक्झामिक वापरलंय, हँडओव्हरच्या आधी भरून ठेवते." मी चप्पल घालून निघालेच होते. पोचले तेव्हा मावशी फरशी पुसत होत्या आणि सिस्टर रजिस्टरवर सही करत होत्या.