नाव वाचल्याशिवाय झेंडा रोवायचा नाही

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डे पाळला जातो आणि त्याआधीच्या शनिवारी न्यू जर्सीतील आमच्या गावच्या जुन्या दफनभूमीत सैनिकांच्या थडग्यांवर छोटे झेंडे लावले जातात. यंदा मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन या कामाला प्रथमच गेले. मुलांना घेऊन जाऊ इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव सविस्तर लिहीत आहे.

नाव नोंदवण्यात काही अडचण आली नाही. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेला फोन केला, तेव्हा सकाळी आठ वाजता फाटकापाशी या, एवढेच त्यांनी सांगितले. तेथे एका वृद्ध माजी सैनिकांनी आमच्या हाती झेंड्यांची जुडी, थडग्यांची छापील यादी आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर दिला. हा स्क्रू ड्रायव्हर कशासाठी, ते पहिल्याच थडग्यापाशी कळले, कारण मुलाने झेंड्याची लाकडी काडी जमिनीत नेटाने दाबली आणि ती मधोमध मोडली. तो रडवेला झाला. आधी स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडायचे आणि मगच काडी रोवायची, हे त्या आजोबांनी गुडघ्यावर बसून त्याला करून दाखवले. अंतराचीही रीत ठरलेली आहे: शिळेच्या बरोबर मध्यासमोर, एका बुटाची लांबी सोडून. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत सैनिक दरवर्षी अडीच लाखांच्या आसपास झेंडे याच मापाने लावतात. मुलाचा बूट मापाला तोकडा पडत असल्याने प्रत्येक ठिकाणी मी शिळेला टाच टेकवून उभी राहत असे आणि माझ्या बुटाच्या टोकापुढे तो भोक पाडत असे.

गेल्या वर्षीचे विटलेले, फाटलेले झेंडे आधी काढून वेगळ्या खोक्यात ठेवायचे असतात. ते कचऱ्यात टाकत नाहीत. १४ जूनला, म्हणजे ध्वजदिनाला, संघटनेचे लोक ते विधिपूर्वक जाळतात. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून आपण जपतो, तसेच हे, असे मी मुलाला सांगितले आणि त्यानंतर ते खोके त्याने दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नाही.

या दिवसाचा उगम यादवी युद्धानंतरचा आहे. १८६८ मध्ये जनरल जॉन लोगन यांनी ३० मे रोजी मृत सैनिकांची थडगी फुलांनी सजवण्याचा आदेश काढला होता. सोमवारची प्रथा १९७१ पासूनची आहे. खरे तर हा दिवस युद्धात कामी आलेल्यांचा, आणि सेवा केलेल्या सर्वांचा मान ११ नोव्हेंबरला राखला जातो. परंतु गावच्या दफनभूमीत असा भेद कोणी करत नाही आणि म्हातारपणी घरी वारलेल्या सैनिकालाही झेंडा मिळतो. मला ते योग्यच वाटते.

आमचे काम मात्र संथ चालले होते, कारण झेंडा रोवण्यापूर्वी शिळेवरचे नाव मोठ्याने वाचायचे, असा आजोबांचा नियम होता. यादवी युद्धातील सैनिकांच्या सरकारी शिळांवर ढालीच्या आकाराचा खोलगट भाग असतो आणि त्यात नाव, कंपनी व रेजिमेंट उठावाच्या अक्षरांत कोरलेली असतात. पुष्कळदा तारीखही नसते. कुंपणाजवळच्या अशाच एका शिळेवरची अक्षरे पार झिजली होती. तारेचा ब्रश किंवा ब्लीच वापरल्यास संगमरवर खराब होतो, म्हणून आजोबांनी केवळ पाणी आणि मऊ ब्रश वापरून शेवाळ काढले. मग मुलाने गवतावर पालथे पडून एकेक अक्षर बोटाने चाचपत आडनाव जुळवले आणि मोठ्याने वाचले. ते यादीत नव्हते. आजोबांनी यादीच्या तळाशी पेन्सिलीने ते लिहून घेतले आणि मुलाला तपासायला दिले.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातील आहे. तिकडे अनेक गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढेच तिच्यावर इंग्रजीत कोरलेले असते. आमच्या गावची पाटी मी लहानपणापासून पाहत आले, पण त्यावर नाव एकही नाही, हे मला त्या कुंपणाजवळ प्रथमच टोचले. आपल्याकडची, मराठा पलटणींतील पुष्कळ माणसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडली आणि बसऱ्याच्या स्मारकावरही साध्या हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणवार केवळ संख्या कोरली गेली.

नावे नोंदवह्यांत मात्र आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात आणि अनेक नोंदींत वडिलांचे नाव व गावही असते, परंतु गावांची स्पेलिंगे त्या काळच्या इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी आहेत. सोमवारी दुपारी तीन वाजता, देशभर पाळला जाणारा मिनिटभराचा मौनाचा क्षण आम्ही स्वयंपाकघरात उभे राहून पाळला आणि मग संगणकापुढे बसलो. मी आमच्या गावाचे नाव निरनिराळ्या प्रकारे लिहून शोधत होते आणि सापडलेले प्रत्येक नाव मुलगा मोठ्याने वाचून वहीत देवनागरीत उतरवत होता. पहिल्या चार नावांनंतर त्याने मला थांबवले आणि माझ्या बाबांना फोन लावून विचारले, “आजोबा, यांच्या घरचे कोणी अजून गावात राहतात का?”