धरायला माणूस पाहिजे

रविवारी दुपारी जेवून जरा कुठं आडवा झालो तर मित्राचा फोन, "ये ना रे, धरायला माणूस पाहिजे." काय धरायला ते विचारायची गरजच नाही, पठ्ठ्यानं थंडीपासून पार्किंगमध्ये होडी बांधायला घेतलीय. लाकडी, शिडाची. आणि कुठं, तर नाशकात! कुणी हसलं की तो लगेच दत्तू भोकनळ काढतो, चांदवडच्या तळेगाव रोहीसारख्या कोरड्या गावातला पोरगा २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवत तेरावा येतो, मग आपल्याकडे तर गंगापूर धरण आहे. आता वल्हं वेगळं आणि शीड वेगळं, पण भर दुपारी वाद कोण घालणार.

होडी ऑप्टिमिस्ट जातीची. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्सनं लहान पोरांसाठी डिझाइन केलेली, लांबी जेमतेम २.३ मीटर, नाक चपटं. आता बहुतेक फायबरच्या असतात, पण मुळात प्लायच्या शीट कापून घरच्या घरी बनवता यावी अशीच काढलेली. आता प्लाय वाकवला की तो परत सरळ व्हायला बघतो, आणि डिंक, म्हणजे इपॉक्सी, तर काही तास घेणार. तेवढा वेळ दाबून कोण धरणार? क्लॅम्प कितीही आणा कमीच पडतात, म्हणून मग आम्ही. आमच्यातला एक पिंपळगावकडचा द्राक्षवाला, निफाडचा पारा घसरला की रात्री बागेत शेकोट्या पेटवत बसणारा, त्यानंच सांगितलं की थंडीत हे इपॉक्सी वाळणार नाही, मग सांध्यांवर घोंगडी टाकून आत बल्ब लावून ठेवला. आता उन्हाळ्यात उलटीच तऱ्हा, मगमध्ये जास्त कालवून ठेवलं तर तिथंच तापून दगड होतं, पसरट ट्रेमध्ये ओतायचं आणि पळायचं.

मला मात्र हे धरायचं काम मनापासून आवडतं. डोकं लावायचं नाही, चुकलं तर आपल्यावर नाही, आणि गप्पा फुकट. लहानपणी संक्रांतीला येवल्याला मामाकडे जायचो, तिथं गच्चीवर पतंग मामाचा आणि आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, माझ्या हातात. त्याची नजर वर, माझी दोऱ्यावर. तो "ढील दे" म्हणाला की सोडायचं, पेच लागला की श्वास रोखून उभं राहायचं, आणि समोरचा कटला की "गई बोला रे" सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडायचो. पतंग कधी स्वतः उडवायला मागितलाच नाही. मामीला वाटायचं पोरगं लाजाळू आहे. लाजाळू कसलं, आसारी हातात असली की वर वारा कसा आहे ते बोटांना कळायचं, मान मोडून घ्यायची गरजच नव्हती.

म्हणूनच असेल, वाऱ्याच्या उलट दिशेनं होडी कशी जाते हे मित्र समजवायला लागला तेव्हा मला फार जड गेलं नाही. थेट तोंडावर जाताच येत नाही, साधारण पंचेचाळीस अंशात तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूनं तिरकं, आणि खाली पाण्यात एक उभी फळी असते ती होडीला बाजूला घसरू देत नाही. द्राक्षवाल्याला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, आधी चालवून दाखव.

शीड शिवायला मंडपाच्या कनाती शिवणाऱ्या टेलरकडे दिलंय. त्यानं माप घेतलं, कापड चोळून बघितलं आणि विचारलं, झालर लावायची का. मित्र पाच मिनिटं विचार करत होता.

परवा मी सहज म्हणालो, अरे या होडीत बसणार कोण? आमच्यातला एकही माणूस मावणार नाही, मावला तर बुडवेल. तर म्हणे लेकीसाठी आहे. लेक अकरा वर्षांची, तिला अजून पोहता येत नाही. आता सावरकर तलावावर तिचा क्लास लावायचा ठरलंय, सकाळची बॅच, आणि नेऊन सोडायला कुणीतरी पाहिजे. सगळे माझ्याकडेच बघत होते.