विसरणारा विद्यार्थी आणि स्टार्टरची जोडणी

आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसाय शिकवताना एक गोष्ट मला फार उशिरा उमगली: प्रात्यक्षिकात आपण हाताचे कौशल्य तपासतो असे म्हणतो, पण पुष्कळदा तपासली जाते ती स्मरणशक्ती.

माझ्या तुकडीतला एक मुलगा वायर इतकी सफाईने सोलत असे की तांब्यावर ओरखडाही उमटत नसे. थ्री-फेज मोटरला डीओएल स्टार्टर (मोटर थेट सप्लायवर चालू-बंद करणारी पेटी) जोडण्याच्या चाचणीत मात्र मोटरला वीज नेणारे पॉवर सर्किट अचूक पूर्ण करून तो बटणांच्या कंट्रोल सर्किटमध्ये अडला, कारण मी एका दमात सांगितलेल्या सूचनांपैकी पहिल्या दोन-तीनच त्याच्या लक्षात राहिल्या होत्या. उरलेली जोडणी त्याने अंदाजाने केली. हिरवे बटण दाबताच मोटर फिरली, बोट काढताच थांबली. बोट काढल्यावरही मोटर चालू ठेवणारा, स्टार्ट बटणाला समांतर जोडायचा होल्डिंग कॉन्टॅक्ट राहून गेला होता. "सर, काल येत होतं," एवढेच तो म्हणाला. ते खरेही होते. मी गुण कापले.

शिकण्यातल्या अशा अडचणींचा विचार कायद्यातही आहे: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि कलम १७ परीक्षापद्धतीत योग्य बदल करायला सांगते. पण बदल म्हटले की आपल्याला जादा वेळच आठवतो. या मुलाला जादा वेळ दिला असता तर तो बोर्डासमोर आणखी वीस मिनिटे नुसता उभा राहिला असता.

म्हणून सरावाच्या पहिल्या दिवसापासून त्याच्याच अक्षरातले, जोडणीच्या पायऱ्यांचे सहा ओळींचे एक कार्ड ठेवले. पायरी झाली की खूण करायची. तो थांबला तर उत्तर न सांगता मी फक्त "आता कितवी ओळ?" असे विचारी. सप्लाय बंद असल्याची खात्री मात्र कार्डावर सोडली नाही. ती प्रत्येकाने मोठ्याने सांगायची.

"मग परीक्षा कसली?" असे एका सहकाऱ्याने विचारले. माझे उत्तर असे: स्टार्टरच्या झाकणाच्या आत कंपनीच जोडणीचे रेखाचित्र चिकटवते आणि अनुभवी मेकॅनिकही ते पाहूनच हात घालतो. शिवाय कार्डावर होता तो फक्त क्रम. कोणता कॉन्टॅक्ट एनओ (एरवी तुटलेला) आणि कोणता एनसी (एरवी जुळलेला), हे मल्टिमीटरने त्यालाच शोधायचे होते.

पुढच्या चाचणीत होल्डिंग कॉन्टॅक्ट बरोबर बसला, पण जादा भार आल्यास मोटर बंद पाडणाऱ्या ओव्हरलोड रिलेच्या ९५-९६ या एनसी टोकांऐवजी त्याने ९७-९८ या एनओ टोकांवर वायर जोडली आणि मोटर फिरलीच नाही. चूक त्याने स्वतःच शोधून काढली. तिचे गुण मी कापले, आणि या वेळी मला त्याचे वाईट वाटले नाही.